घरचा डेटाबेस बाजारात नेताना

एखाद्या संस्थेने स्वतःच्या सोयीसाठी उभारलेला डेटाबेस पुरेसा मोठा झाला की तो बाहेरही विकावा, असा विचार कधी ना कधी वरिष्ठांच्या बैठकीत निघतोच. विचार वाईट नसतो. वर्षानुवर्षे कर्मचाऱ्यांनी रोज बसून भरलेल्या नोंदी, त्यांवर झालेला खर्च आणि बाहेरून अधूनमधून येणारी ‘आम्हालाही ही माहिती मिळेल का’ ही विचारणा, एवढे जमून आले की पुढचा हिशेब सोपा वाटतो. माहिती तयारच आहे, लॉगिन द्यायचे, वर्गणी ठरवायची, उत्पन्न सुरू. संदर्भसेवा आणि माहिती-संकलनाच्या कामात नोकरीचा बहुतेक काळ गेल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. माहिती ‘तयार’ असते ती घरातल्यांसाठी. तिच्यातले खाचखळगे ओळखणारी माणसे शेजारच्या टेबलावर बसलेली असतात, म्हणून ती वापरता येते. बाहेरच्या ग्राहकाबरोबर ती माणसे जात नाहीत. त्यामुळे असा डेटाबेस विकणे म्हणजे त्या माणसांच्या डोक्यात असलेले ज्ञान कागदावर उतरवणे आणि पुढे त्याची जबाबदारी घेणे. ग्राहकाकडून दाम घ्यायचे ते या कामाचे. जिथे हे ओळखले गेले तिथे व्यवसाय उभे राहिले, आणि जिथे नुसता साठा विकायला काढला तिथे पैसाही टिकला नाही आणि विश्वासही.

घरच्या स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या नसतात. कोणत्या डब्यात काय आहे ते रांधणाऱ्याला ठाऊक असते. संस्थेच्या आतले डेटाबेस बहुधा असेच असतात. एकच नोंद जवळून पाहू. समजा एखाद्या संस्थेकडे महाराष्ट्रातल्या लघुउद्योगांची यादी आहे आणि तीत एका कारखान्यापुढे तालुका ‘वसई’ आणि जिल्हा ‘ठाणे’ असे लिहिले आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई त्यात गेली. त्याआधी भरलेली नोंद भरली तेव्हा बरोबर होती; आज ती चुकीची आहे. त्यानंतर भरलेल्या नोंदींत कोणी ‘पालघर’ लिहिले, कोणी सवयीने ‘ठाणे’च ठेवले. आतल्या माणसाला हे माहीत असते, म्हणून ठाणे जिल्ह्याची यादी काढताना तो वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा यांसारखे तालुके हाताने वेगळे करतो. हे त्याने कुठेही लिहून ठेवलेले नसते, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. याच नोंदीत ‘कामगार’ या रकान्यात शून्य आहे. ते खरोखर शून्य आहे, की माहिती मिळाली नाही म्हणून टाकलेले शून्य? ‘दिनांक’ या रकान्यातली तारीख कारखाना सुरू झाल्याची, नोंदणीची, की आपल्याकडे एंट्री झाल्याची? जिल्हानिहाय रोजगाराचा तक्ता करायला बसलेल्या ग्राहकाला यातले काहीच माहीत नसते. तो बेरीज करतो, बेरीज येते, आणि ती चुकीची आहे हे कळायला त्याच्याकडे कोणताही मार्ग नसतो.

मराठीत ठेवलेल्या माहितीपुढे आणखी एक अडचण उभी असते आणि तिचा अंदाज व्यवस्थापनाला क्वचितच असतो. युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वी आपल्याकडचा देवनागरी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकला गेला. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, तीही प्रत्येक फॉन्टची वेगळी. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाऊन बसते, रफार सुटतो. रूपांतर नीट झाले तरी नावांचा प्रश्न उरतोच. कुलकर्णी आणि कुळकर्णी या दोन व्यक्ती आहेत की एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी, हे यंत्राला सांगावे लागते. 2023 मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आता दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला एकच निकाल मिळाला पाहिजे आणि जुन्या कागदपत्रांतले मूळ नावही जसेच्या तसे राहिले पाहिजे. यासाठी प्रमाण नावांची यादी, पर्यायी नावांची यादी आणि कोणते नाव कोणत्या तारखेपासून लागू, याची नोंद ठेवावी लागते. ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाला फोटो निघतो, प्रमाण नावांच्या यादीला कोणी हार घालत नाही. तरीही ग्राहक दुसऱ्या वर्षी वर्गणी भरतो की नाही, हे या यादीवर ठरते.

या क्षेत्राच्या इतिहासात याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीत सापडतो. विमाने आणि क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या या कंपनीत 1960 च्या दशकात रॉजर समिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांत्रिक अहवाल शोधण्यासाठी एक संगणकप्रणाली बनवली. एखादे संशोधन आधी झाले आहे का हे शोधण्यापेक्षा ते पुन्हा करणे सोपे, अशी तिथली स्थिती होती आणि तीवर त्यांना उपाय हवा होता. या प्रणालीचे नाव डायलॉग. नासासाठी तिचा उपयोग झाला आणि 1972 मध्ये ती बाहेरच्या ग्राहकांना व्यापारी तत्त्वावर खुली झाली. सुरुवातीचे संग्रह होते शिक्षणक्षेत्रातल्या साहित्याचा ‘एरिक’ आणि सरकारी तांत्रिक अहवालांचा ‘एनटीआयएस’. 1988 मध्ये लॉकहीडने हा व्यवसाय नाइट-रिडर या वृत्तपत्रसमूहाला 35 कोटी 30 लाख डॉलरला विकला. डायलॉगच्या यशाचे श्रेय सहसा संगणकाला आणि दूरध्वनीच्या जाळ्याला दिले जाते. मला त्यातली एक साधी वस्तू जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक संग्रहासाठी डायलॉग एक निळा कागद छापत असे. त्यावर त्या संग्रहात काय आहे, कोणत्या वर्षापासूनचे आहे, भर किती दिवसांनी पडते, कोणता रकाना कसा शोधायचा, हे नमुन्याच्या एका नोंदीसह दिलेले असे. ग्रंथालयांत या निळ्या कागदांच्या फायली हाताशी ठेवलेल्या असत. शेजारच्या टेबलावरच्या जाणत्या माणसाची जागा त्या कागदाने घेतली होती. आपल्याकडे मुंबईत 1976 मध्ये नरोत्तम शहा यांनी स्थापन केलेल्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेचा ‘प्रोवेस’ हा कंपन्यांचा डेटाबेसही हेच सांगतो. कंपन्यांचे वार्षिक अहवाल कोणालाही मिळतात. वर्गणी भरली जाते ती निरनिराळ्या अहवालांतले आकडे एकाच साच्यात बसवण्याच्या आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून देण्याच्या कामासाठी.

कायदाही जवळजवळ याच दिशेने बोट दाखवतो, आणि विक्रीचा विचार करणाऱ्यांनी तो आधी समजून घ्यायला हवा. नुसती तथ्ये गोळा केली म्हणून ती आपली होत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये फाइस्ट खटल्यात दूरध्वनी-ग्राहकांच्या अकारविल्हे यादीला कॉपीराइट नाकारला. कष्ट पडले एवढ्यावर हक्क मिळत नाही, असे सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात फार उपयोगी सीमारेषा आखली. न्यायालयाच्या निकालाचा मूळ मजकूर कोणाच्याही मालकीचा नाही, हे स्पष्ट केले. पण संपादकांनी विचारपूर्वक पाडलेले परिच्छेद, त्यांचे परस्पर संदर्भ, कोणत्या न्यायमूर्तींनी सहमती दिली आणि कोणी भिन्न मत नोंदवले याचे निर्देश, यांना संरक्षण दिले. म्हणजे हक्क मिळाला तो कौशल्याने आणि निर्णयबुद्धीने घातलेल्या भरीला. युरोपात 1996 पासून डेटाबेसवर पंधरा वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. तिथेही ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्डाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2004 मध्ये बजावले, की स्वतःच्या नेहमीच्या कामातून जी माहिती निर्माण होते तिच्या निर्मितीवरचा खर्च या हक्कासाठी धरता येणार नाही. बाहेरची माहिती मिळवण्यावर, पडताळण्यावर आणि मांडण्यावर केलेली गुंतवणूक धरली जाईल. त्या बोर्डाचा डेटाबेस सांभाळण्याचा खर्च वर्षाला सुमारे 40 लाख पौंड होता. एवढा खर्च करूनही शर्यतींच्या याद्या पैज लावून घेणाऱ्या कंपन्यांपासून राखता आल्या नाहीत. घरच्या कामातून आपोआप साचलेली माहिती हेच आपले भांडवल, असे मानणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा निकाल समोर ठेवावा.

मालकीहक्काच्या प्रश्नानंतर दुसरा धोका संस्थेच्या स्वतःच्या हितसंबंधाचा. घरात वापरायचे साधन घराच्या बाजूने झुकलेले असणे स्वाभाविक आहे. बाजारात ते तसेच राहिले तर ग्राहकाची फसवणूक होते. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या साह्याने उभारलेली ‘सेबर’ ही आरक्षणप्रणाली 1960 च्या दशकात कंपनीच्या अंतर्गत कामासाठी सुरू झाली. 1976 पासून तिचे टर्मिनल प्रवासी एजंटांच्या कार्यालयांत बसवले जाऊ लागले आणि इतर विमानकंपन्यांची उड्डाणेही तीत दिसू लागली. एजंट घाईत असतो, पडद्यावर वर दिसणाऱ्या उड्डाणाचे तिकीट तो आधी काढतो. पडद्यावरचा हा क्रम मालक कंपनीला झुकते माप देणारा ठेवला जातो, अशा तक्रारी वाढल्या आणि 1984 मध्ये अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक मंडळाने असा पक्षपात नियमांनी बंद केला. इथे कोणतीही नोंद खोटी नव्हती. क्रम लावण्यातच पक्षपात होता. म्हणून अंतर्गत डेटाबेस बाहेर काढताना कोणती नोंद आधी दिसणार, कोणती वगळली जाणार आणि ते कोण ठरवणार, हे लेखी आणि जाहीर असले पाहिजे. संस्थेची स्वतःची उत्पादने त्या यादीत असतील तर दुप्पट काळजीने.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न आहे तो माहिती कोणाविषयी आहे हा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2019 च्या मार्चमध्ये वाहन आणि परवाना नोंदणीची माहिती मोठ्या प्रमाणावर विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थेला वर्षाला 3 कोटी रुपये आणि शैक्षणिक संस्थेला 5 लाख रुपये असा दर ठरला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत सांगण्यात आले, की 87 खासगी कंपन्या आणि 32 सरकारी यंत्रणांना या माहितीत प्रवेश दिला असून त्यातून 65 कोटी रुपये मिळाले आहेत. 2020 मध्ये खासगीपणाच्या आणि गैरवापराच्या प्रश्नावरून ते धोरण मागे घ्यावे लागले. गाडीची नोंदणी करणाऱ्याने आपली माहिती दिली होती ती कायद्याने बंधनकारक म्हणून, नोंदणीपुरती. ती विकण्याला त्याने होकार दिलेला नव्हता. पुढे 2022 मध्ये रेल्वेच्या आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न मिळवण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली आणि तीही टीकेनंतर मागे घेतली. सभासद, रुग्ण, खातेदार, विद्यार्थी यांची माहिती संस्थेकडे ठेव म्हणून असते. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने संमतीला आणि हेतूच्या मर्यादेला महत्त्व दिले, पण कायदा नसता तरी हे तत्त्व तेवढेच खरे होते. ज्या नोंदीत माणूस ओळखू येतो ती विक्रीच्या यादीतून आधी बाजूला काढावी, आणि नुसते नाव पुसले म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असे समजू नये. लहान गावात वय, आजार आणि तारीख एवढ्यावरून शेजारी नाव सांगतात.

यावर एक आक्षेप मी मनापासून गंभीरपणे घेतो. माहिती इतकी उपयोगी असेल तर ती विकायची तरी कशाला, सर्वांना मोफत का देऊ नये? लॅन्डसॅट उपग्रहांच्या छायाचित्रांचा इतिहास या आक्षेपाला मोठे बळ देतो. 1972 पासून अमेरिकी सरकारच्या पैशाने घेतली जाणारी ही छायाचित्रे 1984 च्या कायद्याने खासगी कंपनीच्या हाती विक्रीसाठी दिली गेली आणि एका छायाचित्राची किंमत 4,400 डॉलरपर्यंत पोहोचली. संशोधकांनी ती घेणे कमी केले. पुढे किंमत उतरली, तरी मोफत होण्यापूर्वीच्या सर्वोत्तम वर्षात, 2001 मध्ये, सुमारे 25,000 छायाचित्रेच विकली गेली. 2008 मध्ये संपूर्ण संग्रह मोफत करण्याचा निर्णय झाला आणि लवकरच वर्षाला दहा लाखांहून अधिक छायाचित्रे उतरवून घेतली जाऊ लागली. जंगलतोड, पाणी, पिके यांवरचे कितीतरी काम त्यामुळे शक्य झाले. लोकांच्या पैशातून जमलेली आणि लोकांची ओळख न उघड करणारी माहिती मोफतच असली पाहिजे, हा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. पण लॅन्डसॅट मोफत झाले तरी फुकटात चालत नव्हते. मोजमाप तपासण्याचा, साठवण्याचा आणि पुरवण्याचा खर्च सरकारी तिजोरी उचलत होती. जिच्या मागे अशी तिजोरी नाही त्या व्यापारी संघटनेला, संशोधनसंस्थेला किंवा दैनिकाच्या संदर्भविभागाला हा खर्च कोणीतरी द्यावा लागतो. वर्गणी नसेल तर पहिली दोन वर्षे उत्साहाची जातात, मग भर पडणे थांबते, आणि जुन्या माहितीचा डेटाबेस ताजा असल्यासारखा वापरला जात राहतो. तो बंद पडण्यापेक्षा जास्त घातक असतो. यावरचा मध्यममार्ग असा, की वर्गणी देखभालीच्या खर्चाशी बांधलेली असावी आणि विद्यार्थी, लहान ग्रंथालये, ग्रामीण महाविद्यालये यांच्यासाठी वेगळा, परवडणारा दर असावा.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. सगळी साफसफाई करत बसलो तर डेटाबेस कधीच बाहेर पडणार नाही. आहे तसा देऊ, सुधारत जाऊ. यात तथ्य आहे, कारण निर्दोष डेटाबेस कुठेच नसतो. मात्र ग्राहकाला निर्दोषपणा लागतो असे मी म्हणत नाही. त्याला दोष कुठे आहेत ते आधी कळावे लागते. ‘2014 पूर्वीच्या नोंदींत पालघर जिल्हा ठाण्यात धरला आहे’ हे एक वाक्य हजारो नोंदी दुरुस्त करण्याइतकेच काम करते आणि ते लिहायला काही मिनिटे पुरतात. ‘कामगारसंख्या उपलब्ध नसल्यास शून्य दाखवले आहे’ हे दुसरे वाक्य. अशी पाच-पन्नास वाक्ये जुन्या कर्मचाऱ्यांना बसवून लिहून घ्यावीत, तीही ते निवृत्त होण्याआधी. हल्ली तिसरा आक्षेप ऐकू येतो, की हे सगळे आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील. नावांच्या जोड्या लावणे, फॉन्ट बदलणे, विसंगती हेरणे यात ती मोलाची मदत करते आणि ती घ्यावी. पण शून्याचा अर्थ शून्यात नसतो. तो ज्याने एंट्री केली त्याला किंवा ज्याने तसा नियम घालून दिला त्याला माहीत असतो. नोंदीत नसलेली गोष्ट यंत्र अंदाजाने भरते, आणि विकलेल्या माहितीत अंदाज हा अंदाज म्हणून दाखवला नाही तर ती खोटी साक्ष ठरते.

चौथा आक्षेप संस्थेच्या आतून येतो. आपली माहिती बाहेर दिली की आपली आघाडी गेली, प्रतिस्पर्धी फायदा घेणार. काही माहिती खरोखर अशी असते आणि ती देऊ नये. पण बाहेरच्या ग्राहकामुळे आतल्यांचाही फायदा होतो, हे या आक्षेपात विसरले जाते. आतला माणूस चूक दिसली की तिला वळसा घालून पुढे जातो, कारण त्याला वळण ठाऊक असते. पैसे भरलेला ग्राहक ती चूक लिहून कळवतो आणि उत्तर मागतो. त्या उत्तरासाठी संस्थेला नियम ठरवावे लागतात, रकान्यांचे अर्थ पक्के करावे लागतात, तारीखवार दुरुस्त्यांची वही ठेवावी लागते. एक जाणता माणूस निवृत्त झाल्यावर आतला डेटाबेस जसा मुका होतो, तसा हा होत नाही. विक्रीतून मिळालेल्या रकमेपेक्षा ही शिस्त संस्थेला जास्त काळ पुरते.

म्हणून वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी संस्थेने चार निर्णय लेखी घ्यावेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. यातली कोणती माहिती आपल्याला देण्याचा अधिकार आहे आणि कोणती इतरांची ठेव आहे. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि मर्यादा कोण लिहिणार. ग्राहकाने दाखवलेली चूक किती दिवसांत दुरुस्त होणार आणि ती आधीच माहिती घेऊन गेलेल्यांपर्यंत कशी पोहोचणार. आणि सेवा बंद करायची वेळ आली तर साठा कोणाकडे सोपवणार. या चार कामांसाठी कायमस्वरूपी माणसे नेमण्याची तयारी नसेल, तर डेटाबेस घरातच राहू द्यावा. त्यात कमीपणा नाही. तयारी असेल तर संकोच न करता रास्त दाम मागावे. लोक या माहितीवर पैसा गुंतवतात, निकाल मागतात, धोरणे आखतात. त्यांच्या निर्णयांचा भार आपल्या नोंदींनी पेलावा, एवढी जबाबदारी घेणाऱ्या संस्थेलाच ती माहिती विकण्याचा अधिकार आहे.